दारात काढलेलं कुलूप

विडी वळणाऱ्या बाईच्या अंगठ्यावर रेषा राहत नाहीत. तेंदूचं ओलं पान, तंबाखूची भुकटी आणि दोरा, यांच्यात वर्षानुवर्षं घासून बोटाची टोकं काचेसारखी गुळगुळीत होतात. हे मला कुणी पुस्तकात वाचून सांगितलेलं नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगार वसाहतीत मी पहिल्यांदा फोन शिकवायला बसले, आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "बायांनो, बोटाचं कुलूप लावा, सगळ्यात सोपं." सगळ्यांनी अंगठे टेकवले. फोन म्हणाले, परत प्रयत्न करा. बायांनी परत टेकवले, पदराला पुसून टेकवले, थुंकी लावून टेकवले. फोन आपले तेच म्हणत राहिले. शेवटी एकजण म्हणाली, "अक्का, ह्यो फोन आमाला मानूसच मानंना की."

त्या दिवशी मी गप घरी आले आणि विचार करत बसले. गप बसणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे ते लक्षात राहिलंय.

आधी माझी ओळख सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कोण फोनातली मोठी. मी शिकलेली नाही. शाळा अर्ध्यात सुटली. माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, घरात कानडी, दारात मराठी. लग्न होऊन सोलापूरला आले, तेव्हा नवऱ्याचं एसटीडीचं पिवळं बूथ होतं. काचेच्या खोपटात लोक येऊन गावाकडे ओरडून बोलायचे आणि मी बाहेर बसून मीटर बघायचे. तिथं माझं खरं शिक्षण झालं. यंत्रमागावरची माणसं तेलुगूत बोलायची, बाजारातले दखनीत, आणि माणूस कुठल्याही भाषेत खोटं बोलायला लागला की आवाज एकाच पद्धतीनं बारीक होतो, हे मला तेव्हाच कळलं. पुढं बूथ गेलं, मी रिचार्ज मारायला लागले. मग लोक फोन बिघडला म्हणून आणायचे, तो मी उघडून, बघून, कधी दुरुस्त करून आणि कधी पार वाट लावून शिकले. त्या दिवसांपासून मला सगळे फोनअक्का म्हणतात. घरातली नातवंडंसुद्धा.

मग एका लहानशा संस्थेनं विचारलं, वस्त्यांमधून बायांना फोन सांभाळायला शिकवाल का. फसवे कॉल, फसवे मेसेज, कुलूप, फोटो, परवानग्या. मी म्हटलं, बोलायचे पैसे देणार असाल तर मी कशाला नको म्हणू, आजवर फुकट बोलत आले.

काम काय असतं ते थोडक्यात सांगते. फोनाला कुलूप लावायचं. ओटीपी म्हणजे तुमच्या घराची एका वेळेपुरती केलेली किल्ली, ती जो मागतो तो चोर, मग तो कितीही गोड बोलो. आणि नवीन अॅप घेतलं की ते काय काय मागतंय ते वाचून घ्यायचं. टॉर्चचं अॅप जर तुमचे सगळे नंबर मागत असेल, तर त्याला विचारायचं, उजेड पाडायला तुला माझ्या माहेरची चौकशी कशाला रे? एवढंच. याच्या पलीकडचं मला फारसं येत नाही, आणि याच्या अलीकडचं बहुतेकांना माहीत नसतं.

माणसं मात्र एकेक नग भेटतात. मोडनिंबला शेतकऱ्यांच्या एका गटाला शिकवायला गेले, तर एका दादांनी पासवर्ड फोनच्या मागं चिकटपट्टीवर लिहून लावलेला. मी म्हटलं, "दादा, हे काय?" तर म्हणाले, "इसरतो की." मी म्हटलं, मग चोराला पण दिसेल. तर शांतपणे म्हणाले, "चोराला माझं अक्षर वाचता येत न्हाय. मला बी येत न्हाय." मी बघितलं, खरंच येत नव्हतं. तो फोन माझ्या बघण्यातला सगळ्यात सुरक्षित फोन असावा.

तर वसाहतीकडे येते. अंगठा चालेना. आकडे ठेवावेत तर बाया पिन मोठ्यानं म्हणत दाबायच्या, आणि एकीचा पिन संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला पाठ. उरलं ते ठिपक्यांचं कुलूप. स्क्रीनवर तीन ओळींत नऊ ठिपके, त्यांवरून बोट न उचलता रेघ ओढायची. मी एकीला दाखवलं मात्र, सगळ्या हसायला लागल्या. "हे मुग्गू हाय की." मुग्गू म्हणजे त्यांच्या तेलुगूत रांगोळी. या बायांची सकाळ दार झाडून, सडा टाकून, ठिपके मांडण्यानं सुरू होते. त्यांना नऊ ठिपके म्हणजे किस झाड की पत्ती. मी जन्मात काढले नसते असे वळणाचे, आडवेतिडवे आकार त्यांनी बघता बघता ओढले. मला लई आनंद झाला. संस्थेला फोन करून सांगितलं, माझ्या बाया शहरातल्या साहेबांपेक्षा अवघड कुलूप लावतात. ते खरंही होतं.

वर्ग दुपारी भरायचा, वसाहतीच्या समाजमंदिरात. हात रिकामे ठेवून ऐकणं बायांना परवडत नाही, म्हणून मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, आणि सुपाच्या कडेला टेकवलेला फोन. मी बोलायची, त्या विड्या वळायच्या. मला आवडायचं ते. शाळेतली मुलं असली की वहीकडे बघतात आणि ऐकत नाहीत. या सुपाकडे बघायच्या आणि एक शब्द सोडायच्या नाहीत.

त्यात दोघीजणी लक्षात ठेवा, कारण गोष्ट त्यांची आहे. एक रेणुका. बारावी झालेली, बारीक अंगाची, कमी बोलणारी सून. नवरा यंत्रमागावर रात्रपाळीला. दुसरी तिची सासू नरसव्वा, माझ्याच वयाची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नरसव्वाकडे स्वतःचा फोन नव्हता, वाचता येत नव्हतं, तरी ती रोज यायची आणि मागं भिंतीला टेकून बसायची. मी विचारलं, "नरसव्वा, तुला फोन नाही तर शिकतेस कशाला?" ती म्हणाली, "तुला दात न्हायत तरी तू शेंगाचटणी खातीस की." त्यानंतर मी तिला काही विचारलं नाही.

नरसव्वा किती हुशार होती त्याचा एक नमुना. एकदा वर्ग चालू असताना एकीला फोन आला. बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद होणार. असा फोन वर्गात येणं म्हणजे आचाऱ्याच्या दारात भाजीवाला. मी म्हटलं, स्पीकरवर टाक. पण पुढं काय बोलायचं ते त्या बाईला सुचेना. मागून नरसव्वा उठली आणि फोन हातात घेतला.

"कोनचं कार्ड म्हनलास बाबा? रेशनचं का दवाखान्याचं?"

"एटीएम कार्ड, माताजी. सोळा आकडे सांगा."

"थांब, हातातली विडी होऊ दे." आणि खरंच तिनं विडी वळून, दोरा बांधून, तोंड दुमडून सुपात ठेवली. तो बिचारा हॅलो हॅलो करत होता. "हां, बोल. आवाज बसलाय तुझा. जेवलास का?"

"माताजी, कार्डावरचे आकडे."

"लग्न झालंय का तुझं? आमच्या नात्यात एक पोरगी हाय. पन तू कामाला कुटं म्हनलास? बँकेत? मग दुपारच्याला फोन कशाला करत बसतोस, काम न्हाय व्हय बँकेत?"

पुढचं ती तेलुगूत बोलली. मला अर्धं कळलं आणि तेवढं पुरे झालं. त्यानं फोन ठेवला. बाया इतक्या हसल्या की एकीच्या सुपातली तंबाखू सांडली. मी सगळ्यांसमोर नरसव्वाची पाठ थोपटली आणि नियम सांगितला, माझा नेहमीचाच. फोन असो का मेसेज, ज्याचं नाव-चित्र फोनात नाही, ओळखीचं नाही, त्याला हात लावायचा नाही, सरळ पुसून टाकायचं. नरसव्वानं मान डोलावली. ते डोलावणं मला आज आठवतं आणि हसू पण येतं, धस्स पण होतं.

आता रेणुकाचं सांगते. एके दिवशी वर्ग सुटल्यावर ती थांबली. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "फोनअक्का, माजा फोन कुनीतरी उगडतंय."

मी म्हटलं, कशावरून?

तर गोष्ट अशी. तिनं घरात नवऱ्याशिवाय कुणाला न सांगता एका दवाखान्याच्या नर्सिंगच्या कोर्ससाठी फॉर्म भरला होता. कागदपत्रं दाखवायला कधी यायचं, ते मेसेजवर कळणार होतं. शेजारच्या गल्लीतल्या मैत्रिणीनं पण भरलेला. मैत्रिणीला मेसेज आला, ती जाऊन आली. रेणुकानं तिथं फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, तुम्हाला पण पाठवला होता की. आता दुसऱ्या यादीत नाव आहे, त्याचा मेसेज येईल, तो चुकला तर मात्र जागा दुसऱ्याला जाणार. रेणुकाच्या फोनात पहिला मेसेज नव्हता. आलेला असून नव्हता.

"कुलूप बदल," मी म्हटलं.

"बदललं. दोनदा. तरी उगडतंय. मी सकाळी विड्या द्यायला कारखान्यात जाते तवा फोन घरी चार्जिंगला ठेवते, गर्दीत चोरीला जातो म्हनून. त्या टायमाला घरात कोन असतंय? ह्ये असतेत. रातपाळी करून आल्यावर झोपलेले." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "झोपलेले म्हंजे मला वाटत हुतं झोपलेत."

हे वाईट होतं. नवरा गरीब माणूस, मी बघितलेला. पण गरीब दिसणारा माणूस बायकोचा फोन चाळत नाही असं मी कुणाला लिहून देणार नाही. अशाही घरात मी शिकवलंय, जिथं नवरा रोज रात्री बायकोचा फोन तपासायचा, आणि तिथल्या बाईला मी कुलुपाच्या पलीकडचं बरंच काही शिकवलं. ते इथं लिहिणार नाही, कारण ते वाचायला तिचा नवरा हा दिवाळी अंक विकत घेईल. पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की आहे. चोर कॉल सेंटरात बसलेला असतो तेव्हा माझं काम सोपं. घरात बसलेला असला की मला पायातली चप्पल काढून, हळू पावलानं आत जावं लागतं.

रेणुका नवऱ्याशी भांडायच्या बेतात होती. मी म्हटलं, एक दिवस थांब.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिराची किल्ली द्यायला मी सकाळीच वसाहतीत गेले. एरवी मी दुपारची जाणारी, सकाळची गल्ली मी कधी बघितलीच नव्हती. दारादारांत ताजा सडा आणि त्यावर पांढरी मुग्गू. सणासुदीची मोठी नव्हे, रोजची, लहान. तीन ठिपके, तीन ठिपके, तीन ठिपके आणि त्यावरून एक सलग रेघ.

मी जागच्या जागी उभी राहिले.

पहिल्या घराची रेघ मी ओळखली, कारण ती वर्गात माझ्यासमोर ओढलेली. दुसऱ्या घराची पण. बायांनी काय केलं होतं, माहीत आहे का? मी सांगितलं होतं, कुलूप विसरायचं नाही, हाताला सवय लावा. त्यांनी लावली. रोज सकाळी, दारात, रांगोळीनं. ज्या दिवशी कुलूप बदललं, त्या दिवसापासून दारातली रेघ बदलली. अख्ख्या गल्लीनं आपापल्या फोनाची किल्ली उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेली होती, आणि वर त्यात हळदीकुंकवाची चिमूट. पेपरवाला, दूधवाला, शेळ्या, सगळे त्यावरून जात होते.

हे शहाण्यासुरत्या माणसांच्या हातून कधी घडणार नाही. त्यांना दारात काढण्यासारखं काही येतच नाही.

मला राग यायला पाहिजे होता, पण खरं सांगते, खोडी सुचली. त्या दुपारी वर्गात मी म्हटलं, आज सगळ्यांचे फोन माझ्यासमोर ठेवा. ठेवले. मी डोळे मिटले, कानडीत चार शब्द पुटपुटले, खरं तर ती आमच्याकडची भाकरीची कृती होती, आणि एकेक फोन उचलून उघडत गेले. एक उघडला, दुसरा उघडला, तिसरा उघडला. खोलीत विड्या वळायच्या थांबल्या. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "अक्का, माज्या गुडघ्याचं पन बगा की."

मग मी खरं सांगितलं. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग सगळ्या आपापलं दार आठवायला लागल्या, आणि एकेकीचा हात तोंडावर गेला. "अय्यो," एवढंच म्हणत होत्या. मागं नरसव्वा मात्र हसत नव्हती, सुपाकडे बघून भराभर वळत होती. मला वाटलं, फोन नाही तिला, तिला काय त्याचं.

वर्ग सुटल्यावर रेणुकाला बाजूला घेतलं. म्हटलं, आता सापळा लावू. कुलूप नवीन ठेव आणि दारात भलतीच रेघ काढ. तुझ्या फोनात एक सोय आधीपासून आहे, कुणी चुकीचं कुलूप काढलं की पुढचा कॅमेरा गुपचूप त्याचा फोटो काढतो. ती चालू करून देते. एरवी मी असल्या गोष्टी शिकवत नाही, लोक त्यानं घरात पोलीसठाणं उघडतात. पण इथं एका पोरीची जागा जाणार होती.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या आधीच रेणुका आली आणि फोन माझ्या हातात दिला. मी फोटो बघितले.

पहिल्या फोटोत अर्धं कपाळ, रुपयाएवढं कुंकू आणि वर पंखा. दुसऱ्यात एक नाकपुडी. तिसऱ्यात बारीक केलेले डोळे, फोन हातभर लांब धरलेला. चौथ्यात चष्मा, आणि तो शेजारच्या म्हातारीचा, मी ओळखला, एका काडीला दोरा बांधलेला. पुढच्यात नुसता पदर, तिनं स्क्रीन पुसायला घेतलेला. आणि शेवटच्यात नरसव्वा फोनावर रागावलेली, तोंड उघडं, बहुतेक त्याला तेलुगूत काहीतरी सुनावत होती.

मला हसू आवरेना. रेणुका रडायला लागली तेव्हा मी हसायची थांबले.

"अत्तम्माच," ती म्हणाली. अत्तम्मा म्हणजे सासूबाई. "त्यांनीच पुसला. मी गेले तर विड्या कमी व्हतील म्हनून."

मी काही बोलायच्या आत बाया यायला लागल्या, आणि त्यांच्या पुढं नरसव्वा. सूप भिंतीपाशी ठेवून सरळ माझ्याकडं आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "फोनअक्का, हिचा फोन बघ जरा. सकाळपासनं उगडंना. बिघडलाय."

मी पस्तीस वर्षं गिऱ्हाइकं बघितली. चोर स्वतः तक्रार घेऊन आलेला हा पहिलाच.

"तू उघडतेस होय तिचा फोन?"

"मग कोन उगडनार? सकाळी मालिका असती माजी, तेलुगू. ही कारखान्यात, पोरगा झोपलेला. दारात बघायचं, रेघ काढायची. त्यात काय." एकदम सरळ तोंड. मग थोडं खाली वाकून मला म्हणाली, "पन तू काल सगळ्यांसमोर सांगून टाकलंस. मला वाटलं, मलाच कळलंय ते."

"आणि मेसेज?" रेणुका मागून म्हणाली.

"मेसेज पुसते की." नरसव्वाचा चेहरा उजळला. "मालिका चालू असली की मधीच येतात वरनं. चित्र न्हाय, नाव न्हाय, नुसती इंग्रजी अक्षरं. वळखीचं न्हाय, पुसून टाक. अक्कानंच सांगितलं. एकबी ठेवला न्हाय मी. तुमी सगळ्या ठेवता. मी ठेवत न्हाय."

माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी माझ्यासमोर उभी होती, आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

मी फोन घेतला. काही फोनांत पुसलेले मेसेज लगेच जात नाहीत, मागं एक केराचा डबा असतो, त्यात काही दिवस पडून राहतात. मी डबा उघडला. वीज तोडण्याच्या धमक्या, लॉटऱ्या, साड्यांचे सेल, आणि त्यात दवाखान्याचा मेसेज. पहिला नव्हे, दुसरा. मूळ कागदपत्रं घेऊन या. तारीख उद्याची, सकाळची.

मी मोठ्यानं वाचला. मग नरसव्वानं विचारलं, "कसले कागद?"

आता सगळ्यांना कळलं होतं, फक्त तिलाच नाही. रेणुकानं मान खाली घालून सांगितलं. नर्सिंग, कोर्स, रोज सकाळी जायचं.

नरसव्वा खाली बसली. सूप मांडीवर ओढलं. पण वळायला लागली नाही. "माज्या पोराला माहीत हाय?"

"हाय."

"गल्लीत?"

"मैत्रिनीला."

"आनि मला कुलूप," नरसव्वा म्हणाली. "दिवसा आमच्या दाराला कडी नसती. तू फोनाला लावलीस. मला वाटलं, चोरासाठी हाय."

"अत्तम्मा, तुमाला सांगितलं असतं तर तुमी न्हाय म्हनला असता."

"म्हनलेच असते. पन न्हाय म्हनायला तरी विचारायचं की."

बाया सुपात बघत होत्या. कोणीतरी खोकलं. मग रेणुका उठली, सासूसमोर जाऊन बसली आणि लहान पोरीसारखं विचारलं, "अत्तम्मा, जाऊ का?"

नरसव्वानं एक पान उचललं. तंबाखू घातली, वळली, तोंड दुमडलं, दोरा बांधला, दातानं तोडला.

"न्हाय," ती म्हणाली.

रेणुकाचा चेहरा पडला. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, ते मी कसे गिळले मला माहीत.

नरसव्वानं विडी सुपात ठेवली. "म्हनले. झालं माजं. आता जा." आणि थोड्या वेळानं, दुसरं पान बघत, "कागद कुटं हायत, ते आधी सोदून ठेव. सकाळी मी येते संगं. तितं सही लागली तर अंगठा देते."

मागून एकजण म्हणाली, "नरसव्वा, तुमचा अंगठा कुटला उमटतोय." तेव्हा कुठं सगळ्या हसल्या, आणि रेणुका रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी गेल्या. नरसव्वानं दवाखान्याच्या पायरीवर बसून राहायचं कबूल केलं होतं, पण ती आत टेबलापर्यंत गेली आणि तिथल्या बाईला म्हणाली, मेसेजला जरा चित्र लावत जा, मानसाला कळंना कोन हाय ते. रेणुकाला जागा मिळाली. आता ती पांढऱ्या कपड्यात रोज सकाळी बसला उभी असते.

माझ्या शिकवण्यात त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. "पुसून टाका" मी आता कधीच म्हणत नाही. म्हणते, हात लावू नका आणि घरातल्या एकाला दाखवा. आणि दुसरं, नव्या वस्तीत गेले की आधी विचारते, इथल्या सासवा कुठं आहेत, त्यांना पण बोलवा. संस्थेतली तरुण मुलगी म्हणाली, आजी, याचा सुरक्षेशी काय संबंध? मी म्हटलं, पोरी, तू अजून मालिका बघत नाहीस.

गल्लीतली मुग्गूसुद्धा बदलली. आता सगळ्या दारात मुद्दाम खोटी रेघ काढतात. मी सकाळी गेले की प्रत्येक घरातून एकजण डोकावते, मी ओळखते का बघायला. इतक्या थापा एका गल्लीत, इतक्या सुबक, मी दुसरीकडे बघितलेल्या नाहीत.

रेणुका फोन सोबत नेते, त्यामुळे मालिकेची पंचाईत झाली. शेवटी पोरानं आईला फोन घेऊन दिला. मी एकदा दारावरून जात होते, तर नरसव्वानं हाक मारली. "ये. उगडून दाखव."

फोन हातात दिला. दारात रांगोळी होती. मी म्हटलं, ही तर खोटीच असणार, मग उलटी काढून बघू. काढली. नाही. मग आडवी. नाही. मग वाटलं, नरसव्वाच ती, तिनं मुद्दाम खरीच ठेवली असेल. तीही नाही. ती उंबऱ्यात बसून विडी वळत होती आणि माझ्याकडं बघतही नव्हती. मी हरले म्हटलं, फोन परत दिला, चहा प्याले आणि गेले.

त्यानंतरच्या वर्गात मला यायला उशीर होणार होता म्हणून मी तिला फोन केला. पोहोचले तेव्हा बाया हसून हसून बेजार. नरसव्वानं फोन वर धरून सगळ्यांना दाखवला. माझा नंबर, आणि त्यावर माझा फोटो. अर्धं कपाळ, एक नाकपुडी, बारीक केलेले डोळे, वर तिच्या घराचं छप्पर. त्या दिवशी उंबऱ्यात उभी राहून मी कुलूप चुकवत होते, तेव्हाचा. सोय तिनं सुनेकडून चालू करून घेतली होती.

मी म्हटलं, "नरसव्वा, चोराचा फोटो माझ्या नावावर लावलास?"

"असू दे की," ती म्हणाली. "चित्र हाय, म्हंजे वळखीचं. आता तुजा फोन मी पुसत न्हाय."